कोणत्याही अवस्थेत, रोख

‘पाहिजेत : जुनी फियाट, अँबेसिडर, विलीज जीप, जावा, लॅम्ब्रेटा. कोणत्याही अवस्थेत. रोख व्यवहार. कागदपत्रे असल्यास प्राधान्य.’

नगर-मनमाड रस्त्यावरच्या पंक्चरच्या टपऱ्यांवर, चहाच्या हॉटेलांच्या भिंतींवर आणि आता गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अशा मजकुराच्या पाट्या दिसतात. वाचणारा ‘कोणत्याही अवस्थेत’ आणि ‘रोख’ एवढंच वाचतो आणि फोन लावतो. लावणाऱ्याचा जीव मात्र शेवटच्या वाक्यात असतो. तेच वाक्य बारीक अक्षरात का, असं मी अशी पाटी लावणाऱ्या नगरच्या एका व्यापाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मोठ्या अक्षरात लिहिलं तर फोनच येणार नाही. इथं कागद असतोय कुणाकडं?”

या व्यापाऱ्याबरोबर मी थंडीच्या दिवसांत गाड्या बघत फिरलो. नाव छापायचं नाही, हे त्याने आधीच बजावून ठेवलं होतं. “आत्ताच इतके फोन येतात, त्यातल्या निम्म्यांना गाडी विकायचीच नसते. शेजाऱ्याला सांगायला भाव पाहिजे असतो.” वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे फियाटचं इंजिन उतरवायला तो शाळेतच शिकला. पुढे दुरुस्तीपेक्षा खरेदीत पैसा आहे हे लक्षात आलं. विकताना सगळेच शहाणे असतात, कमाई होते ती घेताना, हे त्याचं म्हणणं.

फोन आला की गाडी कोणती, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. “बुक कुणाच्या नावावर हाय?” मग, “ते हयात आहेत का?” आणि मग, “गाडी छपराखाली का उघड्यावर?” या तिन्हींची उत्तरं मिळाली की मॉडेल आणि पासिंगचं वर्ष. नंतर फोटो. लोक समोरून काढलेला, बोनेटवर नातवंडं बसवलेला फोटो पाठवतात. याला हवा असतो पायाखालची मॅट उचलून काढलेला पत्र्याचा फोटो, आणि आरसी बुकाच्या एकेका पानाचा. ज्याच्याकडून हे दोन फोटो येतात तिथे तो जातो. बाकीच्यांना “बघू, तिकडं आलो की येतो,” असं गोड बोलून ठेवतो. तोडत मात्र कुणालाच नाही. पाच-पाच वर्षांनी फिरून फोन आलेले त्याने पाहिलेत. मधल्या काळात घरातलं एखादं माणूस गेलेलं असतं, किंवा वाडा पाडायला काढलेला असतो.

इतक्या जुन्या गाड्या या जिल्ह्यात आल्या कुठून, हा प्रश्न बाहेरच्याला पडेल. कारणं दोन, ऊस आणि लष्कर. हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी इथे खाजगी साखर कारखाने स्वातंत्र्याच्या आधीपासून होते. त्यांचे मॅनेजर आणि इंजिनिअर मोटारीने हिंडत. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. मग उत्तर नगरमध्ये एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि चेअरमनच्या पोर्चमध्ये अँबेसिडर आली, बागाईतदाराच्या वाड्यात फियाट. त्या काळात पैसे असले म्हणून गाडी मिळत नसे. १९५९ च्या सरकारी आदेशाने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण होतं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. इतक्या खटपटीने आलेली गाडी नंतर बंद पडली तरी कुणी मोडीत घातली नाही. गोठ्यात सरकवली, वर ताडपत्री टाकली, संपलं.

लष्कराचं असं, की रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून नगरला आहे. सैन्यातून बाद झालेली वाहनं लिलावात निघत. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपा, पुढे जबलपूरला बनलेल्या जोंगा अशाच शेतकऱ्यांच्या दारात आल्या. पाथर्डी, जामखेडच्या डोंगराळ वाटांवर दुसरं काही चालणारंही नव्हतं. जीपेने दूध वाहिलं, वऱ्हाड वाहिलं आणि दर निवडणुकीत कर्णाही वाहिला.

विकायला न निघणाऱ्या गाड्याही नगरला आहेत. रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती मोटार उभी आहे. पिंपळगावजवळच्या मेहेराझादला मेहेरबाबांच्या भारतभ्रमणातली निळी बस भक्तांनी सांभाळली आहे. आमचा व्यापारी दोन्ही ठिकाणी जाऊन आलाय. सवयीने खाली वाकून पत्रा बघितला, म्हणाला.

राहाता तालुक्यातल्या एका कालव्याखालच्या गावी आम्ही गेलो ती फियाट १९६८ ची, डिलाइट. वाडा पाडून पुढे स्लॅबचं घर बांधलेलं, मागचा गोठा तेवढा जुना राहिलेला. गाडीच्या टपावर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, मागच्या सीटवर खताच्या गोण्या. व्यापाऱ्याचं तोंड तिथेच उतरलं. “युरिया किती वर्षं ठेवताय यात?” गाडी तीन भावांची, त्यांतले थोरले म्हणाले, “असल दहा-बारा वर्षं. कोरडी जागा हाय ना.” खत हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पत्रा खातं. शेतात उभ्या, पावसात भिजलेल्या गाडीपेक्षा गोणी ठेवलेली गाडी आतून जास्त सडलेली निघते.

त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं. रुमाल अशासाठी, की रंगाला ओरखडा पडू नये आणि मालकाला वाईट वाटू नये. दरवाज्याखालची पट्टी, मागच्या चाकांवरची कमान, दिव्यांभोवतीचा पत्रा अशा ठरलेल्या जागी ते टेकवत गेला. चुंबक चिकटलं तर खाली लोखंड आहे. सरकून पडलं तर तिथे लांबी भरून रंग मारलाय. डावी कमान बरी निघाली. उजव्या बाजूला चुंबक टेकेचना. मग गोण्या उतरवून मॅट उचलली, अंगठ्याने दाबलं, तर अंगठा बिस्किटातून जावा तसा आरपार. तो काही बोलला नाही. मालकाने ते पाहिलंय, एवढी खात्री केली आणि मॅट परत नीट पसरली. पुढचा सगळा सौदा त्या अंगठ्यावर झाला, असं माझं मत.

बोनेट उघडल्यावर तो खुलला. ११०० चं मूळ इंजिन जागेवर होतं. प्लग काढून त्याने भोकांतून थोडं ऑइल सोडलं. आत घरात जाऊन चहा पिऊन आला, आणि मग पंख्याचा पट्टा दोन्ही हातांनी ओढला. पंखा जडपणे अर्धा फेरा फिरला. म्हणजे पिस्टन धरलेले नाहीत. पुढचं काम सर्वांत महत्त्वाचं. बोनेटखालच्या पत्र्यावर रॉकेलचं फडकं फिरवून चासी नंबर उघडा केला, त्यावर कागद धरून शिसपेन्सिल घासली. आकडे एकेक करून कागदावर उमटत गेले. ते त्याने आरसी बुकातल्या आकड्यांशी बोट ठेवून पडताळले, एकदा सरळ आणि एकदा उलटे. जुळले.

नंतर त्याने जे मोजलं ते मला आधी समजलं नाही. हब-कॅप किती, दरवाज्यावरच्या क्रोमच्या पट्ट्या किती, मागच्या दिव्यांच्या काचा फुटल्यात का, स्टेअरिंगवरची हॉर्नची रिंग आहे का, पुढची जाळी सरळ आहे का. “इंजिनाचा माल मिळतो. पत्रा ठोकून नवा बनवता येतो. काच आणि क्रोम कुठून आणणार?” मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, इथे या वस्तू हिंडून शोधाव्या लागतात. एका हब-कॅपसाठी दोन-दोन महिने थांबलेली गाडी त्याच्या शेडमध्ये मी पाहिली. म्हणून ‘कोणत्याही अवस्थेत’ हे अगदीच खोटं नाही. सडलेली गाडीही तो घेतो. तिच्या काचा आणि क्रोम काढून दुसरी उभी करतो. दोन मेलेल्यांतून एक जिवंत, हा या धंद्याचा नेम आहे आणि तो गाडीच्या मालकाला सहसा सांगितला जात नाही.

भावाला सुरुवात झाली तेव्हा धाकट्या भावाने मोबाइल पुढे केला. त्यावर चकचकीत फियाट, पांढऱ्या भिंतीचे टायर, किंमत काही लाखांत. “आमचीबी हीच की.” व्यापाऱ्याने मान डोलावली. “हीच. फक्त हिच्यावर पत्र्याचं, रंगाचं, क्रोमचं, सीटचं काम झालंय. ते तुम्ही करून द्या, मी तोच भाव देतो.” थोरल्यांनी तीन लाख सांगितले, याने पंचेचाळीस हजार. भंगाराचा आकडाही त्याने बोलता बोलता ऐकवून ठेवला. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, लोखंडाचा दर तुम्हीच चौकात विचारा. इतक्या वर्षांत तिन्ही भावांपैकी कुणी गाडी चालू करायचा प्रयत्न केला नव्हता, पण पंचेचाळीस ऐकल्यावर तिघांनाही तिच्याविषयी एकदम माया दाटून आली.

माया खरी होती ती आजींची. त्या उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “ह्यांनी गाडी आणली तवा गावानं पेढे वाटले. भंगारात घालणार असशील तर नको. पैसं किती का देईना.” इथे बहुतेक खरेदीदार छातीवर हात ठेवून सांगतात, की आजी, गाडी चांगल्या घरी जाईल. हे वाक्य म्हणजे या व्यवहारातली सर्वांत स्वस्त सूट आहे. त्यावर मालक वीस-पंचवीस हजार सहज खाली येतो. आमचा व्यापारी तसं बोलला नाही. “सांगता येत नाही आजी. उभी राहिली तर उभी करीन, नाहीतर दुसरीला कामाला येईल.” आजींनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. हा त्याचा प्रामाणिकपणा की आणखी वरच्या दर्जाचा धंदा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उभ्या राहिलेल्या गाड्या जातात कुठे? थोड्या संग्राहकांकडे. बऱ्याचशा हॉटेलांच्या दारात, लग्नाआधीच्या फोटोंच्या बागांमध्ये, सिनेमा-मालिकांच्या चित्रीकरणाला. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे फियाटच, निघाली, तिची मुदतच संपली होती. फियाटविषयी हळहळ त्या आठवड्यापासून जोरात सुरू झाली, असं व्यापारी सांगतो. त्याला हळहळ चालते. त्याच्या मते भाव वाढवायला हळहळीइतकं चांगलं औषध नाही.

जीपांची गोष्ट वेगळी. तिथे अस्सल कोणती हाच वाद असतो. दाराशी उभी असलेली प्रत्येक जीप ‘मिलिटरीची, विलीज’ असते. खरं तर महिंद्रांनी १९४७ नंतर मुंबईत जोडणी सुरू केली आणि पुढे स्वतःच बनवल्या, त्यांतलीच ती बहुधा असते. कित्येकांची बॉडी तर पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत अलीकडे ठोकलेली असते. पाथर्डी रस्त्याच्या एका वस्तीवर व्यापारी जीपेखाली झोपला आणि टॉर्च लावून बोल्टांची डोकी पुसत बसला. युद्धकाळात फोर्डनेही विलीजच्या नकाशावरून जीपा बनवल्या. त्यांच्या सुट्या भागांवर, बोल्टांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ उठवलेला असायचा. त्या वस्तीवर त्याला असे दोनच बोल्ट सापडले, बाकी सगळे बाजारचे. मालक म्हणाला, “दोन तर दोन, हाय ना मिलिटरीची?”

आता कागदाकडे येतो, कारण फियाटचा सौदा त्यावरच अडला. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा १९९४ साली वारले. मोटार वाहन नियमांप्रमाणे मालक वारला की वारसांनी ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर अर्ज करून गाडी आपल्या नावावर घ्यायची. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला हेच लोक तलाठ्याकडे खेटे घालतात. गाडीची नोंद मात्र कुणीच लावत नाही. इथे वारस म्हणजे आजी, तीन भाऊ आणि पनवेलला दिलेली बहीण. सगळ्यांच्या सह्या, प्रतिज्ञापत्रं, थकलेला पर्यावरण कर. धाकटा म्हणाला, “तुम्हाला कोऱ्या फॉर्मवर सही मारून देतो, आज्याची सही मला जमते.” व्यापारी हसला आणि बुक परत त्याच्या हातात ठेवलं.

हसण्यासारखं त्यात फार नाही. २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मांवर सही देऊन गाड्या विकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. नाव बदललं नाही तर गाडी चार हातांतून फिरते आणि कागदोपत्री मालक पहिलाच राहतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, मग गाडी त्याने कधीची का विकलेली असेना. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. व्यापाऱ्याने आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यायचं. गाडी त्याच्या ताब्यात देताना मालकाने ऑनलाइन २९-सी फॉर्म भरायचा. तो भरला की विकली जाईपर्यंत गाडीची जबाबदारी व्यापाऱ्यावर. पाटी लावणारा भेटला की आधी हे प्राधिकारपत्र बघायला मागावं. आमच्या व्यापाऱ्याने ते प्लॅस्टिकमध्ये घालून डॅशबोर्डवर ठेवलं होतं, पण मी विचारेपर्यंत कुठल्याच मालकाने विचारलं नव्हतं.

पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना आणखी एक दार उघडलं ते जुलै २०२१ मध्ये. मूळ स्वरूपातल्या, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या साध्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला ५ वर्षांसाठी १०,००० रुपये पडतात, म्हणजे हिशेब सारखाच. फरक असा की व्हिंटेज गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, इतकंच. ‘व्हीए’साठी मूळ आरसी मागतातच. त्यामुळे १९६८ च्या या फियाटला कागदासह जो भाव, त्याच्या निम्मासुद्धा कागदाशिवाय येत नाही. उलट नुसते कागद विकत घ्यायचेही फोन त्याला येतात. गाडी भंगारात गेलेली, बुक तेवढं पेटीत. ते दुसऱ्या गाडीला चिकटवायचं. असल्या भानगडीत तो पडत नाही, असं तो म्हणतो. चासी नंबर दोनदा का पडताळतो, ते मात्र मला तेव्हा समजलं.

काष्टीच्या किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तसा इथेही शेवटचा आकडा चारचौघांत ठरला नाही. थोरल्यांना घेऊन तो विहिरीपर्यंत चालत गेला. परत आले तेव्हा सत्तर हजार ठरले होते. पाच हजार इसार, बाकीचे वारसनोंद होऊन बुक थोरल्यांच्या नावावर आल्यावर. आरटीओचा खर्च त्यांचा, एजंट याचा. भावांना वाटलं दोन आठवड्यांचं काम. तसं ते झालं नाही. पनवेलची बहीण सहीला तयार होती, पण सही टपालाने द्यायला नाही. तिला गाडी एकदा बघायची होती. सुट्टी काढून ती आली, आणि तेव्हा गोठ्यातला गुंता सोडवून भावांनी प्रथमच गाडी पाण्याने धुतली. फिकट निळा रंग निघाला. आजोबांच्या फोटोत गाडी काळी-पांढरी दिसायची, त्यामुळे तो रंग घरातल्या धाकट्यांना ठाऊकच नव्हता. बहिणीने सही केली. हिशेबातला चौथा वाटाही तिने सरळ मागितला. तो भावांनी धरलेला नव्हता, आणि त्यावरून जे बोलणं झालं ते लिहिण्याजोगं नाही. वाटा तिला मिळाला.

न्यायच्या दिवशी टायर रिमला चिकटून फाटले, ब्रेक ड्रम जाम. दोरीने ट्रॅक्टर लावला तर बंपर निघून हातात येईल, म्हणून व्यापाऱ्याने ट्रॅक्टर पुढे येऊच दिला नाही. कारखान्याच्या रस्त्यावरून हायड्रा मागवला. त्याने गाडी पट्ट्यांवर उचलली तेव्हा खालून युरियाची पांढरी पूड आणि उंदरांचं घरटं पडलं. पत्रा टिकला. टेम्पोत गाडी बसली, चाकांना दगड लागले. मग हायड्राचे तीन हजार कुणी द्यायचे यावर पुन्हा बसले. थोरल्यांचं म्हणणं, सौदा जागेवरून उचलण्याचा होता. व्यापाऱ्याचं म्हणणं, टायर फिरतात असं फोनवर तुम्हीच सांगितलं होतं. हायड्रावाला इंजिन चालू ठेवून डिझेलकडे बोट दाखवत होता. दीड-दीडवर तुटलं, आणि टेम्पो कोल्हारच्या दिशेने निघाला.